लूज वॉटरकलरची ख्रिसमस कार्डं: रील्समध्ये न दिसणारं पाण्याचं गणित

डिसेंबर लागला की इन्स्टावर ती रील्स सुरू होतात. ब्रशचे चार फटकारे, वरून थोडे शिंतोडे, आणि तीस सेकंदात ख्रिसमस ट्रीचं कार्ड तयार. बघताना वाटतं हे काय, हे तर आपणही करू, आणि मग करायला बसलं की कागदावर एक हिरवट चिखल तयार होतो आणि माणूस म्हणतो जाऊ दे, आपल्या हातात कलाच नाही. खरं सांगायचं तर ह्यात हाताचा दोष फार कमी असतो. रीलमध्ये तीन गोष्टी दिसतच नाहीत: ब्रशमध्ये पाणी किती होतं, कागद तेव्हा किती ओला होता, आणि दोन फटकाऱ्यांच्या मधे किती वेळ गेला, कारण तो वेळ एडिट करून उडवलेला असतो. लूज वॉटरकलर जवळजवळ सगळं ह्या तीन गोष्टींवर चालतं, म्हणून आज तेच जरा नीट उलगडून सांगते, चित्र कसं काढायचं ते त्याच्या मागून आपोआप येतं.

आधी लूज म्हणजे नक्की काय ते. पुष्कळांना वाटतं की घाईघाईत, अंदाजपंचे रंग फासला की झालं लूज. तसं असतं तर सगळ्यांनाच जमलं असतं. फरक असतो कडांचा. कुठल्याही आकाराला काही ठिकाणी स्पष्ट कड असते, काही ठिकाणी ती मऊ होऊन शेजारच्या रंगात मिसळते आणि काही ठिकाणी ती चक्क नसतेच, आणि तरी बघणाऱ्याला आकार पूर्ण दिसतो कारण उरलेलं काम डोळा करतो. म्हणजे झाडाचा शेंडा आणि उजवीकडच्या दोन-तीन फांद्या नीट दाखवल्या आणि डावी बाजू पार्श्वभूमीत विरघळू दिली तरी कोणी विचारत नाही की डावीकडचं झाड कुठे गेलं. लूज चित्रकार नेमकं हेच ठरवत असतो की कुठे स्पष्ट बोलायचं आणि कुठे सोडून द्यायचं. सगळीकडे मऊ कडा ठेवल्या तर चित्र धुक्यात हरवतं, सगळीकडे स्पष्ट ठेवल्या तर ते मुलांच्या रंगवायच्या पुस्तकातलं पान वाटतं.

आणि ख्रिसमस कार्ड आणि वॉटरकलर ही जोडी काही आजची नाही. विकण्यासाठी छापलेलं पहिलं ख्रिसमस कार्ड म्हणून जे ओळखलं जातं ते १८४३ सालचं, लंडनमधलं. हेन्री कोल नावाचे एक सरकारी अधिकारी होते, पुढे साऊथ केन्सिंग्टन म्युझियम म्हणजे आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम उभं करण्यात ह्यांचा मोठा हात. तर १८४० मध्ये इंग्लंडात एका पेनीत पत्र कुठेही जाऊ लागलं, त्या कामात कोल स्वतः होते, आणि मग काय, लोक पत्रं पाठवायला लागले आणि उत्तरं लिहिता लिहिता ह्यांचाच जीव मेटाकुटीला आला. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली ह्या चित्रकाराकडून एक चित्र करून घेतलं, ते शिळाछापावर साधारण हजार प्रती छापलं, आणि आता मजा बघा, छापलेल्या त्या कार्डांत रंग हाताने भरले होते. किंमत १ शिलिंग, जी तेव्हा काही स्वस्त नव्हती. म्हणजे पहिल्या कार्डापासूनच रेषा छापील आणि रंग हाताचा असा प्रकार होता. ज्यांना ड्रॉइंगची भीती वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावं, एका चित्राची रेषा वॉटरप्रूफ काळ्या पेनाने काढा, जाड कागदावर तिच्या प्रती काढून घ्या आणि रंग प्रत्येक कार्डात वेगळा भरा, ह्यात लबाडी काही नाही. फक्त त्या प्रती लेझर प्रिंटरवर काढा, कारण घरच्या बऱ्याच इंकजेट प्रिंटरांची शाई पाणी लागलं की पसरते.

आता कागद. खर्च करायचाच असेल तर तो कागदावर करा, रंग साधे चालतील, ब्रश साधे चालतील, कागद साधा चालत नाही. स्टेशनरीच्या दुकानातला कार्डशीट किंवा ड्रॉइंग पेपर पाणी लागलं की फुगतो, वाकतो, वरचे तंतू निघून येतात. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, वॉटरकलर पेपर लागतो आणि जमलं तर कॉटनचा, म्हणजे लाकडाच्या लगद्याऐवजी कापसाच्या तंतूंचा. कॉटनचा कागद पाणी आत धरून ठेवतो आणि सावकाश, सगळीकडे सारखा वाळतो, त्यामुळे तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर पाणी वरच रेंगाळतं आणि मग कुठे आधी कुठे नंतर असं ठिपक्याठिपक्याने वाळतं, तिथे भल्याभल्यांचं वेट-ऑन-वेट, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडणं, फसतं. खडबडीतपणाचे तीन प्रकार मिळतात, हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत, कोल्ड प्रेस म्हणजे मध्यम आणि रफ. कार्डासाठी डोळे झाकून कोल्ड प्रेस घ्या, त्याच्यावर कोरडा ब्रश ओढला की बर्फासारखे पांढरे ठिपके आपोआप सुटतात.

इथे अजून एक गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही. कागद नुसता जाड असून भागत नाही, त्याला सायझिंग लागतं. म्हणजे कागद बनवताना त्यात आणि त्याच्यावर जिलेटीन, स्टार्च किंवा तसंच काहीतरी लावतात, त्यामुळे रंग लगेच आत शोषला न जाता वर थोडा वेळ खेळत राहतो. सायझिंग कमी असेल तर ब्रश टेकवला की रंग तिथेच गपकन आत जातो आणि मग तो ना पसरतो ना उचलता येतो. आपल्याकडे हातकागद सुंदर मिळतो, पुण्यात शिवाजीनगरला हातकागदाची जुनी संस्था आहे, तिथला कागद बघून हात शिवशिवतात, पण कुठलाही हातकागद घेताना तो वॉटरकलरसाठी आहे का हे विचारून घ्या, कारण पत्रिका आणि पाकिटांसाठी बनवलेला कागद दिसायला तसाच असतो आणि पाण्याला तयार नसतो. जमलं तर कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकून बघा, थेंब थोडा वेळ वर बसून राहिला तर ठीक. आणि शाकाहारी मंडळींसाठी जाता जाता: आर्शेसच्या कागदाला जिलेटीनचं सायझिंग असतं, जे प्राण्यांपासून येतं, फाब्रियानोचा आर्टिस्टिको त्याच दर्जाचा असून जिलेटीनशिवाय असतो. ज्याला चालतं त्याला चालतं, नाही त्याला माहिती असलेली बरी.

मोठा इम्पीरियल शीट ५६ बाय ७६ सेंटीमीटरचा असतो. त्याचे चार बाय चार असे सोळा तुकडे केले की प्रत्येक तुकडा १४ बाय १९ चा येतो आणि तो मधे दुमडला की १४ बाय साडेनऊचं कार्ड. एक शीट, सोळा कार्डं, काहीही वाया नाही. सुटे पॅड घेण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडतं. कापायच्या ऐवजी स्केल दाबून धरून कागद फाडला तर कडा मऊ, थोड्या केसाळ येतात, मला त्या जास्त आवडतात पण तो आपला आपला भाग.

आता मुख्य भानगड, पाणी. ओल्या कागदाकडे सरळ वरून बघू नका, जरा खाली वाकून उजेडाच्या दिशेने तिरकं बघा, मग कागद तुम्हाला स्वतः सांगतो की तो कुठल्या अवस्थेत आहे. पहिली अवस्था, पाणी वर साचलंय, कागद तिरका केला तर ओघळतंय, ह्या वेळी काहीही करू नका, रंग टाकला तर तो वाट्टेल तिकडे वाहून जाईल आणि वाळल्यावर फिकट दिसेल. दुसरी अवस्था, पाणी आत मुरलंय पण वर एकसारखी ओली चमक आहे. ही खरी वेळ. आत्ता रंग टाकला की तो मऊ पसरतो पण हाताबाहेर जात नाही, आभाळ, मागची धूसर झाडं, दिव्याभोवतीचा उजेड हे सगळं ह्याच वेळेत करायचं. तिसरी अवस्था, चमक गेली, कागद वाळल्यासारखा दिसतो पण वाळलेला नसतो. चौथी, खरंच वाळलेला, आता जो फटकारा माराल त्याची कड स्पष्ट येणार.

सगळे घोळ तिसऱ्या अवस्थेत होतात. कागद वाळला असं वाटून माणूस ओल्या ब्रशने अजून थोडं सुधारायला जातो आणि त्या जागी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा एक डाग उमटतो, इंग्रजीत त्याला कॉलीफ्लॉवरच म्हणतात. तो का पडतो ते एकदा कळलं की टाळता येतो. पाणी नेहमी जास्त ओल्या जागेकडून कमी ओल्या जागेकडे जातं. अर्धवट वाळलेल्या रंगावर तुम्ही ताजं पाणी सोडलंत की ते बाहेरच्या बाजूला पसरतं, जाताना वाटेतले रंगाचे कण ढकलत नेतं आणि जिथे थांबतं तिथे ते कण सोडून देतं, म्हणून डागाची कड वेडीवाकडी आणि गडद. म्हणून एक नियम पाठ करा, ब्रशमधलं पाणी कागदावरच्या पाण्यापेक्षा कमी पाहिजे. कागद जितका वाळत जाईल तितका रंग दाट होत गेला पाहिजे. पहिला हात पातळ, दुसरा सायीइतका, तिसरा जवळजवळ ट्यूबमधून आल्यासारखा. आणि ह्याच नियमाचा उलटा उपयोग पण आहे, ब्रश धुऊन फडक्यावर चांगला टिपून घेतला आणि ओल्या रंगावर फिरवला तर तो पाणी आणि रंग दोन्ही शोषून घेतो, झाडाच्या फांदीवर उजेड काढायला हे एकदम भारी.

तिसरी अवस्था ओळखायची कशी? हाताची मागची बाजू कागदाला हलकेच लावा, गार लागला तर आत ओल आहे. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच कारण, पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं. गार लागतोय तोवर ब्रश खाली ठेवा.

आता गंमत अशी की हे सगळं तुम्ही कुठे राहता त्यावरही अवलंबून असतं. डिसेंबरात पुण्या-नाशकाकडे हवा कोरडी, चमक बघता बघता जाते. वसईत, गोव्यात, समुद्राकाठी हवेत दमटपणा जास्त म्हणून तेवढाच कागद बराच वेळ ओला राहतो. यूकेतल्या किंवा अमेरिकेतल्या कोणाचा व्हिडिओ बघून त्यांनी सांगितलेली मिनिटं इथे लावू नका. आणि सीलिंग फॅन बंद करा प्लीज. डोक्यावर पंखा फिरत असेल तर कागद एका बाजूने आधी वाळतो आणि मग तुम्ही ब्रशला शिव्या देता. कार्ड छोटं असतं, त्यामुळे ते तसंही लवकर वाळतं. म्हणूनच कागद आधी मागून पण ओला करून घेतला तर थोडा जास्त वेळ मिळतो.

वाळताना होणारी अजून एक गोष्ट म्हणजे कडेची गडद रेघ. पाण्याचा ठिपका वाळताना त्याच्या कडेला पाणी जास्त वेगाने उडतं, कड जागची हलत नाही म्हणून मधलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि सोबत रंगाचे कणही नेतं. टेबलवर सांडलेल्या कॉफीचा डाग कडेला गडद असतो ते ह्यामुळेच, आणि १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी नेचर ह्या नियतकालिकात ह्याचं व्यवस्थित स्पष्टीकरण दिलं. वॉटरकलरवाले हे कित्येक वर्षं फुकटात वापरत आलेत. पाकळी रंगवताना एकाच ओल्या थेंबात रंग भरला आणि नंतर हातच लावला नाही तर वाळल्यावर तिला स्वतःची बारीक गडद आउटलाइन येते. पेनाने काढायची गरज नाही.

रंगांचं थोडक्यात सांगते. बारा ट्यूबचा सेट असेल तर त्यातल्या पाच-सहाच काढा: प्रशियन ब्लू आणि अल्ट्रामरीन हे दोन निळे, एक पिवळा, क्रिमसन म्हणजे गडद थंड लाल, एक नारिंगीकडे झुकणारा लाल आणि बर्न्ट सिएना म्हणजे लालसर तपकिरी. तयार हिरवा बाजूला ठेवा. ट्यूबमधला हिरवा तसाच लावला तर झाड प्लास्टिकचं वाटतं. प्रशियन ब्लू आणि पिवळा मिसळा आणि त्यात बर्न्ट सिएनाचं किंचित बोट लावा, सूचिपर्णी झाडांचा तो काळपट गंभीर हिरवा मिळतो. मुद्दाम पॅलेटवर पूर्ण एकजीव करू नका, अर्धवट मिसळलेला रंग उचलला की एकाच फटकाऱ्यात निळा, हिरवा, तपकिरी सगळं येतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून छान राखाडी होतो आणि अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खड्ड्यांत बसतात म्हणून तो दाणेदार दिसतो. बर्फ दाखवायचाच असेल तर ह्या फिकट राखाडी-निळ्याने फक्त बर्फाची सावली रंगवायची, बर्फ म्हणजे कोरा कागद.

आता ख्रिसमसची सगळ्यात मोठी अडचण, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ह्या सणाचे रंगच लाल आणि हिरवा. हे दोन रंग शेजारी ठेवले की एकमेकांना उठाव देतात, आणि एकमेकांत मिसळले की दोघंही मरतात, तपकिरी चिखल होतो, वर सांगितलेला तो चिखल हाच. लूज पद्धतीत तर सगळं ओलं आणि सगळं एकमेकांत शिरणारं. उपाय सोपा आहे: लाल आधी घ्या, पूर्ण वाळू द्या, मग हिरवा. आणि मिसळायचेच असतील तर एकाच ठिकाणी, पाकळी आणि पान जिथे भेटतात तिथे एक छोटासा टेका द्या, तेवढ्या जागी होणारा तपकिरी रंग सावलीचं काम करतो आणि उलट छान दिसतो. बाकी सगळीकडे लाल आणि हिरव्याच्या मधे कागदाची बारीकशी कोरी फट सोडा. ही फट लूज चित्रातली जीवनवाहिनी आहे, तिच्यामुळे रंग श्वास घेतात.

हे सगळं वापरून बघायला पॉइन्सेटियाइतका चांगला विषय नाही. आपल्याकडे बागांमध्ये, सोसायट्यांच्या कुंपणाला हे झाड असतंच, बरेच लोक त्याला लालपत्ती म्हणतात. मूळचं मेक्सिकोचं. रात्र मोठी झाली की ते रंगावर येतं म्हणून बरोबर नाताळाच्या सुमाराला लाल दिसतं, आणि त्या लाल पाकळ्या खऱ्या पाकळ्या नव्हेतच, रंग बदललेली पानं आहेत, खरी फुलं म्हणजे मधले ते पिवळे-हिरवे बारीक मणी. आठ नंबरचा गोल ब्रश घ्या, नारिंगी लालने भरा. टोक टेकवा, पोट दाबा, उचला, एक पाकळी झाली. ती पुन्हा कुरवाळायची नाही. अशा पाच-सहा, वेगवेगळ्या लांबीच्या, एखादी कार्डाच्या बाहेर गेलेली. पहिल्या दोन ओल्या आहेत तोवर मध्याकडच्या टोकाला दाट क्रिमसनचा ठिपका सोडा आणि बघत बसा, तो आपला आपण पसरतो. एका पाकळीत पाणी जास्त ठेवा म्हणजे ती फिकट येईल, सगळ्या सारख्याच गडद असतील तर फूल कापून चिकटवल्यासारखं दिसतं. मधली जागा कोरी ठेवा, वाळल्यावर तिथे पिवळे-हिरवे ठिपके. पानं दोन किंवा तीन, बस्स. चौथ्या पानाचा मोह होतो, तो आवरा.

दुसरं कार्ड म्हणजे रात्री पेटलेली चांदणी. वसईच्या गावांतून किंवा गोव्यात डिसेंबरात फिरलात तर घराघरावर कागदाच्या चांदण्या लागलेल्या दिसतात, अंगणात येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे. मला उगाच वाटत राहतं की आपण इथे बसून बर्फाची घरं आणि रॉबिन पक्षी का काढतो. रॉबिनचं निदान इंग्लंडात कारण तरी आहे, व्हिक्टोरियन काळातले पोस्टमन लाल कोट घालायचे म्हणून त्यांना रॉबिन म्हणायचे आणि म्हणून तो पक्षी चोचीत पत्र घेऊन कार्डांवर आला. आपल्याकडे काढायला सुरूची झाडं आहेत, कौलारू घरं आहेत, पांढरी चर्चेस आहेत. आणि हे काही मी नवीन सांगत नाहीये. आंजेलो द फोन्सेका हा गोव्याचा चित्रकार (१९०२ ते १९६७) शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर, नंदलाल बोस ह्यांच्या हाताखाली शिकला, आयुष्याचा मोठा काळ पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिला, आणि त्याने येशूची आई मरिया साडी नेसलेली, इथली बाई म्हणून रंगवली. त्या वेळी गोव्यात त्याच्यावर टीका झाली. आज ती चित्रं गोव्यात पर्वरीला झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये जपून ठेवली आहेत. कधी बघायला मिळाली तर त्यातल्या पातळ, एकावर एक चढवलेल्या वॉशकडे, म्हणजे रंगाच्या पाणीदार थरांकडे, नीट बघा, बंगालच्या त्या पद्धतीत कागद रंगवून, वाळवून पुन्हा पाण्यात भिजवायचे, त्यामुळे रंग आतून आल्यासारखा दिसतो. आपल्या लूजपेक्षा तो खूप संयमी प्रकार आहे, पण पाण्याशी मैत्री तीच.

तर चांदणी. तिचा आकार आधी झाकून ठेवावा लागतो. मास्किंग फ्लुइड मिळतं, ते रबराच्या चिकासारखं असतं आणि त्याला अमोनियाचा वास मारतो. चांगला ब्रश त्यात बुडवू नका, जुना घ्या आणि आधी साबणाच्या पाण्यात बुडवून मग वापरा. नको असेल तर मेणबत्तीच्या तुकड्याने चांदणी काढा, मेणावर पाणी थांबत नाही, फक्त मेण नंतर निघत नाही आणि पांढऱ्यावर पांढरं काढताना दिसतही नाही, अंदाजानेच जावं लागतं. मग पूर्ण कागद ओला करा, दुसऱ्या अवस्थेची वाट बघा, चांदणीभोवती पिवळा सोडा. आणि आता थांबा. त्या पिवळ्याला थेट निळा लावलात तर आभाळ हिरवं होणार. पिवळ्याच्या बाहेर नारिंगी लाल, त्याच्या बाहेर क्रिमसन आणि अल्ट्रामरीनचा जांभळा, आणि मग कडेला दाट प्रशियन ब्लू. प्रत्येक वेळी रंग आधीपेक्षा दाट. हे सगळं चमक जायच्या आत करायचं असतं म्हणून चारही रंग आधीच कालवून ठेवा, कागद ओला केल्यावर ट्यूबचं झाकण उघडत बसलात तर संपलं. वाळल्यावर मास्किंग बोटाने चोळून काढा, खाली काळ्या सपाट आकारात कौलं आणि माडाचा शेंडा, झालं कार्ड. हेअर ड्रायर वापरायचा असेल तर मास्किंग काढल्यावर वापरा, गरम हवेने ते कागदाला घट्ट चिकटतं आणि काढताना कागद सोलवटतो.

झाडाचं कार्ड सगळ्यात सोपं म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. वरून खाली नागमोडी, खाली येताना रुंद, ब्रश आडवा धरून जवळजवळ कोरडा, म्हणजे मधे मधे पांढरं सुटेल. मग लगेच डाव्या बाजूला स्वच्छ पाण्याचा ब्रश एकदा लावा म्हणजे ती कड विरघळेल. खाली सावलीचा एक निळसर फटका. आता उठा आणि पाणी प्यायला जा. गंमत नाही करत, खरंच उठा, कारण लूज चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा पूर्ण झाल्यानंतर. ह्यावरचा उत्तम उपाय म्हणजे एका वेळी पाच-सहा कार्डं पसरून बसायचं. एकावर लाल टाकला की दुसऱ्याकडे वळायचं, तिसऱ्याकडे जाईपर्यंत पहिलं वाळलेलं असतं आणि हाताला उगाच कुरतडायला वेळच मिळत नाही. शिवाय पाचातली एक-दोन अशी जमून जातात की ती मुद्दाम ठरवून आली नसती. उरलेल्यांचे कापून गिफ्ट टॅग करा.

शिंतोड्यांबद्दल दोन शब्द. पांढरा गुआश, म्हणजे अपारदर्शक वॉटरकलर, असला तर छान, नाहीतर शाळेतला पांढरा पोस्टर कलर चालतो, घट्टसर दुधाइतका पातळ करा, ब्रशवर घ्या आणि दुसऱ्या ब्रशच्या दांड्यावर आपटा. टूथब्रशने बारीक तुषार येतात, आपटून मोठे थेंब येतात, दोन्ही मिसळले तर बर्फ खरा वाटतो. चेहरा किंवा खिडकी असेल तर तेवढी कागदाच्या तुकड्याने झाकून घ्या. मीठ पण टाकतात, चमक नुकतीच कमी व्हायला लागली की चिमूटभर, प्रत्येक खडा आजूबाजूचं पाणी ओढून घेतो आणि तिथे फिकट चांदणीसारखा ठिपका राहतो. फार लवकर टाकलं तर विरघळून जातं, उशीर झाला तर काहीच होत नाही. पूर्ण वाळल्यावर नीट झटका, कारण मिठाचे कण कागदात राहिले तर पावसाळ्यात ते हवेतली ओल खेचतात. मला विचाराल तर मीठ एका कार्डावर मजा म्हणून ठीक आहे, सगळ्या कार्डांवर टाकलं की तो एक पाठ केलेला नखरा वाटायला लागतो.

कार्ड फिकट वाटत असेल तर काळजी करू नका, वॉटरकलर वाळल्यावर नेहमी ओलं असतानापेक्षा हलका होतो. डोळे किलकिले करून बघा, त्यात एक तरी खरोखर गडद जागा दिसते का? नसेल तर एक द्या, आणि ती सगळ्यात पांढऱ्या जागेच्या शेजारी द्या. बहुतेक मरगळलेली कार्डं ह्या एका गडद ठिपक्याने उभी राहतात.

घडी रंगवायच्या आधी घालायची. ३०० जीएसएमचा कागद नुसता दुमडला की घडीवर फाटतो, त्यामुळे स्केल ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनाने आधी एक खोल रेघ ओढा, मग दुमडा. रेघ ओढलेली बाजू घडीच्या बाहेर ठेवा. मग उघडून सपाट करून रंगवा. वाळल्यावर कार्ड वाकडं झालं असेल, होतंच, तर मागून स्पंजने किंचित ओलं करा, दोन कोऱ्या कागदांच्या मधे घाला आणि वर जाड पुस्तकं ठेवून रात्रभर विसरून जा. पोस्टर कलरचे शिंतोडे असतील तर ते आधी पूर्ण वाळलेत ना ते बघा, नाहीतर वरच्या कागदाला चिकटून येतात. आतला मजकूर बॉलपेनाने लिहा, जेल पेन ह्या कागदावर पसरतो आणि हात लागला की फासतो. ही साडेनऊ बाय चौदाची कार्डं सी-सिक्स साइजच्या पाकिटात आरामात बसतात, आणि वजनाचं म्हणाल तर एका कार्डाचे जेमतेम आठ ग्रॅम होतात, पाकीट धरूनही साध्या पत्राच्या पहिल्या २० ग्रॅमच्या टप्प्यात येतं, त्यामुळे आत एखादी चिठ्ठी टाकायला पण जागा आहे. फक्त चित्राच्या बाजूला एक पातळ कोरा कागद घाला म्हणजे पाकिटाच्या आतल्या गोंदाला रंग चिकटणार नाही, आणि पाठवायचं असेल तर पोस्टात नाताळाची गर्दी सुरू व्हायच्या आत टाका.